अन्ननलिकेतली प्रत्येक गाठ कॅन्सर नसते

करी रोडनंतरचं स्टेशन परळ. तिथे 1926 पासून केईएम आणि 1941 पासून टाटा हॉस्पिटल आहे. त्यामुळे आपल्याकडे 'गाठ' म्हटलं की घरातले थेट 'टाटा' म्हणतात आणि रडारड सुरू होते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या अम्मीचं असंच झालं. रमजानमध्ये इफ्तारला रोटीचा घास छातीत अडकायचा. दोन महिने त्या गॅसच्या गोळ्यांवर राहिल्या. शेवटी एंडोस्कोपी केली, तर अन्ननलिकेत पाच सेंटिमीटरची गाठ.

ती निघाली लायोमायोमा, म्हणजे साधी गाठ. अन्ननलिका ही साधारण 25 सेंटिमीटरची नळी. आतून मऊ अस्तर, त्याबाहेर स्नायूंचे थर. लायोमायोमा या स्नायूत वाढतो, बहुधा नळीच्या मधल्या किंवा खालच्या भागात. अन्ननलिकेच्या साध्या गाठींत हीच सर्वांत जास्त आढळते. वाढते अगदी हळू, आणि तिचा कॅन्सर होणं फारच दुर्मिळ. लहान असेपर्यंत बहुतेकांना पत्ताही नसतो.

घरच्यांचं डॉक्टरांशी वाजलं ते बायोप्सीवरून. "तुकडा का नाही घेतला?" पण डॉक्टरांचं बरोबर होतं. वरचं अस्तर गुळगुळीत, अखंड असेल, तर गाठ त्याच्याखाली असते. साधा चिमटा तिथवर बहुधा पोचत नाही. उलट जखम भरताना अस्तर गाठीला चिकटतं आणि पुढे ऑपरेशनमध्ये फाटू शकतं. म्हणून एंडोस्कोपिक सोनोग्राफी करतात. नळीच्या टोकावरच सोनोग्राफीचं यंत्र असतं, गाठ कोणत्या थरात आहे ते दिसतं. 'जिस्ट' नावाची गाठही अशीच दिसते, पण ती धोक्याची ठरू शकते. तशी शंका आली तर सुईने नमुना घेतात. अस्तरावरच जखम किंवा खडबडीत वाढ दिसली, तर मात्र बायोप्सी हवीच.

लहान, त्रास न देणाऱ्या गाठीवर नुसती नजर ठेवतात. अम्मींना त्रास होता, म्हणून छातीला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने गाठ सोलून काढली. अन्ननलिका काढावी लागली नाही. काही लहान गाठी तर तोंडावाटेच निघतात.

पण गाठ साधी आहे हे तपासणीनंतरच कळतं. घास अडकतोय, वजन उतरतंय, तर गोळ्या खात बसू नका, विशेषतः घरात तंबाखू-मिश्री असेल तर. एंडोस्कोपीला सहा ते आठ तास उपाशी राहावं लागतं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्या सकाळी काय करायचं, ते आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून घ्या.