दुभाष्यांची नोकरी कायद्यातून येते

द्विभाषिक प्रदेशात सगळ्यांनाच दोन भाषा येतात, मग अनुवादक कशाला, असं अनेकांना वाटतं. कॅनडातला न्यू ब्रन्सविक प्रांत बघा. अधिकृतपणे द्विभाषिक असलेला तिथला हा एकमेव प्रांत, पण इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही येणारे लोक जेमतेम एकतृतीयांश. तरी खरी मागणी लोकसंख्येतून येत नाही, ती कायद्यातून येते. १९६९च्या राजभाषा कायद्यानंतर आणि १९८२च्या कॅनडाच्या हक्क आणि स्वातंत्र्य सनदेनंतर तिथल्या कायद्यांचे दोन्ही पाठ सारखेच ग्राह्य धरले जातात. न्यायालयात कुठली भाषा वापरायची हे पक्षकार ठरवतो. म्हणजे फ्रेंच पाठातली चूक ही अनुवादातली चूक उरत नाही, कायद्यातलीच होते! अशा कामासाठी जबाबदार माणूस लागतोच.

आता यंत्रानुवादाचा आक्षेप. तो खोटा नाही. साध्या पत्रव्यवहाराचा कच्चा खर्डा यंत्र काढतं, त्यामुळे नवख्यांची कामं घटणार. पण साक्षीदार अडखळत बोलतो, तेव्हा ते अडखळणंही न्यायाधीशांपर्यंत पोचवणारा दुभाषा हवा. त्यामुळे शिकायचंच असेल, तर भाषेच्या जोडीला कायदा किंवा वैद्यक शिका. मात्र भाषेचा कायदा झाला म्हणजे नोकऱ्या आल्याच असंही नाही. गोव्यात १९८७च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही शासकीय वापराची मुभा मिळाली. पण मुभेतून पदं निघत नाहीत, सक्तीतून निघतात.