त्याच खोलीतले पाहुणे

हॉटेलच्या बाथरूममध्ये पाटी असते: पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा. बरेच पाहुणे ती वाचतात आणि टॉवेल धुवायला टाकतात.

अमेरिकेत नोआ गोल्डस्टीन, रॉबर्ट चाल्डिनी आणि व्लादास ग्रिस्केविशियस या संशोधकांनी पाटीवरचा फक्त मजकूर बदलून पाहिला. ‘बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ म्हटल्यावर प्रतिसाद वाढला. ‘याच खोलीत राहिलेले पाहुणे’ म्हटल्यावर तर सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. खोली तीच असण्याला तसा काय अर्थ? पण आपल्यासारख्याचा दाखला चटकन पटतो.

विक्रेते ग्राहकांचे अभिप्राय ठळक मांडतात ते यासाठीच. मग विकतचं कौतुकही आलंच. त्याला आळा घालायला भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणलं. अभिप्राय लिहिणाऱ्याची पडताळणी त्यात अपेक्षित आहे; पालन मात्र सुरुवातीला ऐच्छिकच ठेवलं.