प्रारण, लहरी, किरणोत्सर्ग : शाळांतील वाय-फायची भीती आणि तिची भाषांतरे

शाळांतील वाय-फायमुळे मुलांच्या आरोग्याला धोका आहे काय, हा प्रश्न भौतिकीचा व वैद्यकाचा आहे. तथापि तो भाषेगणिक वेगळे रूप घेतो. तेवढ्यापुरते तौलनिक अभ्यासकाला येथे बोलता येते.

२१ मे २००७ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ने नॉरिचमधील एका शाळेतील मोजमाप दाखविले. वाय-फायची तीव्रता मोबाइल मनोऱ्याच्या मुख्य झोताच्या तिप्पट आढळल्याचे सांगण्यात आले. मात्र लॅपटॉपपासूनचे अंतर एक मीटर होते आणि मनोऱ्यापासूनचे शंभर मीटर. शिवाय तो आकडा सुरक्षा-मर्यादेच्या सुमारे सहाशे पटींनी खाली होता. त्याच वर्षी बीबीसीच्याच तक्रार-विभागाने कार्यक्रमातील असमतोल मान्य केला. पालकांच्या मनात मात्र राहिला तो ‘रेडिएशन’ हा शब्द.

या शब्दाला मराठी शास्त्रीय परिभाषेत ‘प्रारण’ हा नेमका पर्याय आहे. त्यात सूर्यप्रकाशही येतो. वृत्तपत्रांनी मात्र ‘किरणोत्सर्ग’ रूढ केला. तो वस्तुतः रेडियम-युरेनियमच्या गुणधर्माचा शब्द; त्याच्यामागे हिरोशिमा आणि चेर्नोबिल उभे असतात. वाय-फायच्या लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन उखडण्याइतकी ऊर्जा नसते, हा भेद या एका शब्दाने पुसला जातो.

मे २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ-लहरींना ‘२ ब’ गटात घातले. त्यास मुख्य आधार होता तो कानाशी धरलेल्या मोबाइलविषयीच्या मर्यादित पुराव्याचा. इंग्रजीत या गटाला ‘पॉसिबली’ आणि त्याच्या वरच्या गटाला ‘प्रॉबब्ली’ हे विशेषण लागते. मराठी बातमीत दोन्ही ठिकाणी ‘संभाव्य’ येऊ शकते, आणि एक पायरी नाहीशी होते. (याच गटात पूर्व आशियाई पद्धतीने खारवलेल्या भाज्याही आहेत, त्यांना कोणी ‘लोणचे’ म्हटले, तर आपल्या घरांत निराळाच हाहाकार व्हायचा.)

सारा दोष शब्दांवर टाकण्याचा मोह येथे होतो. फ्रान्सचे उदाहरण त्याला आडवे येते. २९ जानेवारी २०१५ च्या फ्रेंच कायद्याच्या शीर्षकात ‘रेडिएशन’ नाही, ‘लहरी’ आहेत, आणि त्यांच्या जोडीला ‘संयम’ हा जवळजवळ नीतिशास्त्रीय शब्द आहे. तरीही तीन वर्षांखालील मुलांच्या संगोपनगृहांत त्यांच्या वावराच्या जागी वाय-फायला बंदी, आणि प्राथमिक वर्गांत अध्यापनास लागत नसेल तेव्हा ते बंद ठेवण्याचे बंधन याच कायद्याने घातले. शब्द सौम्य, तरतूद कडक. भीतीऐवजी सावधगिरीची भाषा वापरूनही कायदा होऊ शकतो. मराठीत त्या भाषेसाठी ‘प्रारण’ हा शब्द केव्हाचा तयार आहे, पण तो परिभाषाकोशाबाहेर क्वचितच पडतो.