चकमकीची बंदूक व पर्जन्यकाल

जुन्या कागदांत नुसता 'बंदूक' शब्द आला म्हणजे ती कोणत्या जातीची, हें ठरविल्यावांचून अर्थ पुरा होत नाहीं. तोड्याच्या बंदुका हिंदुस्थानांत अठराव्या शतकांतही सर्रास चालत. सबब केवळ सनावरून निर्णय करूं नये. जोडीस जामगी आली तर ती तोड्याची, गारा आल्या तर चकमकीची समजावी.

हा भेद पावसांत विशेष जाणवतो. तोड्याच्या बंदुकीस सोऱ्याची दोरी सतत पेटती राखावी लागते, आणि बार काढण्यापूर्वीं प्याल्याचें झांकण सारून रंजक उघडी करावी लागते. चकमकीच्या बंदुकींत पोलादी पान हेंच झांकण. घोड्यांतील गार त्यावर आपटतांच ठिणगी पडते व त्याच क्षणीं प्याला उघडतो.

म्हणून पावसाळी शिकारीस बंदूक निवडतांना झांकण बिनफट, कमान ताठ व गारेची धार तीक्ष्ण पाहावी. फटीस मेण व कळेवर चामड्याचें वेष्टन हे तिचे रक्षक. पीळदार नळींत तेलकट चिंधींत गुंडाळलेली गोळी घट्ट ठासल्यास तोंडाकडून येणारी ओलही अडते.

इ. स. १६६० च्या आषाढांत शिवाजीमहाराज सिद्दी जौहराचा वेढा चुकवून पन्हाळ्याहून विशाळगडास गेले. त्या रात्रीचा विचार करतांना भर पावसांत जामगी जिवंत राखण्याची अडचण ध्यानीं घ्यावी. यास्तव नकला करणारांनीं दोरी, गार, मेण हे जिन्नस क्षुल्लक म्हणून गाळूं नयेत, अशी आमची विनंती आहे.