बंगळुरूत जोपासलेले ‘वेब.पाय’

पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या पिढीला मिळणारा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपुष्टात आला. ही तारीख अनेक वर्षे आधीच जाहीर झालेली होती. संकेतस्थळे उभारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘वेब.पाय’ या मुक्तस्रोत संग्रहाची, तिसऱ्या पिढीशी जुळणारी ०.४० ही आवृत्ती मात्र सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे मुदत संपण्यास जेमतेम तीन महिने उरले असताना प्रसिद्ध झाली. इतका उशीर का झाला आणि तरीही हे काम पार कसे पडले, हे समजून घेण्यासाठी या संग्रहाची वाटचाल पाहावी लागते. ती अमेरिकेत सुरू होते आणि लवकरच बंगळुरूत येते.

संकेतस्थळ म्हणजे मुळात प्रश्नोत्तरांचा व्यवहार असतो. वाचक एखादा पत्ता टाइप करतो किंवा एखाद्या दुव्यावर कळ दाबतो, तेव्हा दूरवरच्या संगणकाकडे एक मागणी पोहोचते. ती कोणत्या पानाची आहे हे ओळखणे, वाचकाने अर्जात भरलेला मजकूर वेगळा काढणे, माहितीसाठ्यातून हवी ती नोंद शोधणे आणि सारे पानाच्या साच्यात बसवून परत धाडणे, ही कामे प्रत्येक संकेतस्थळाला करावीच लागतात. ती दरवेळी नव्याने लिहीत बसण्यापेक्षा तयार आज्ञावलींचा एक संच हाताशी ठेवणे सोयीचे ठरते. अशा संचाला संगणकाच्या परिभाषेत लायब्ररी किंवा, त्याचा आवाका मोठा असल्यास, फ्रेमवर्क असे म्हणतात. वेब.पाय नेमके यांपैकी काय, यावर जाणकारांत मतभेद होऊ शकतात. त्याचा आकार मात्र लहान आहे, याबद्दल दुमत नाही.

वेब.पायची रचना समजण्यास अवघड नाही. पत्त्यांची एक यादी करायची आणि प्रत्येक पत्त्यासमोर त्याची जबाबदारी घेणाऱ्या वर्गाचे नाव लिहायचे. त्या वर्गात ‘गेट’ नावाचे कार्य असेल तर ते पान दाखवते, ‘पोस्ट’ असेल तर ते भरलेला अर्ज स्वीकारते. ही दोन्ही नावे महाजालाच्या मूळ शिष्टाचारातील आहेत, ग्रंथकर्त्याने स्वतःची वेगळी परिभाषा निर्माण केलेली नाही. पायथन येणाऱ्या व्यक्तीला दहा-बारा ओळींत चालते संकेतस्थळ उभे करता येत असे, ते यामुळेच.

या संग्रहाचा आरंभ आरोन स्वार्ट्झ या अमेरिकन तरुणाने केला. २००५ च्या अखेरीस ‘रेडिट’ हे संकेतस्थळ लिस्प या भाषेतून पायथनमध्ये नव्याने लिहिण्यात आले, त्या वेळी वेब.पायचा उपयोग झाला. जानेवारी २००६ मध्ये ते सर्वांसाठी खुले करण्यात आले, तेव्हा स्वार्ट्झचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. रेडिटने पुढे दुसरी चौकट स्वीकारली, पण तोपर्यंत वेब.पायला स्वतंत्र वापरकर्ते मिळाले होते.

एक गोष्ट येथेच ध्यानात घ्यावयास हवी. बहुतेक मुक्तस्रोत प्रणालींमध्ये लेखक आपला स्वामित्वहक्क राखून ठेवतो आणि परवान्याद्वारे इतरांना वापराची मुभा देतो. वेब.पायच्या बाबतीत हा हक्कच सोडून देण्यात आला व संग्रह सार्वजनिक मालकीचा म्हणून जाहीर झाला. तो कोणीही घ्यावा, बदलावा, विकावा, अगदी मूळ नाव न सांगता वापरावा. ज्याचा कोणी मालक नाही, त्याची दुरुस्ती करण्यास बांधलेलेही कोणी नसते, ही या औदार्याची दुसरी बाजू होय.

ती जबाबदारी पुढे ज्यांच्याकडे आली, ते आनंद चिटिपोथू हे बंगळुरूचे संगणकतज्ज्ञ होत. स्ट्रँड लाइफ सायन्सेस या बंगळुरूतील कंपनीत आणि ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या अमेरिकन संस्थेसाठी त्यांनी काम केले आहे. वेब.पायच्या आज्ञावलीत लेखक म्हणून स्वार्ट्झ यांच्या नावाबरोबर त्यांचे नाव आहे. इंटरनेट आर्काइव्हने ‘ओपन लायब्ररी’ हा प्रकल्प हाती घेतला. जगातील प्रत्येक पुस्तकासाठी एक पान असावे आणि त्यात कोणालाही भर घालता यावी, हे त्याचे उद्दिष्ट. त्याची उभारणी वेब.पायवर झाली. संगणकाची लायब्ररी आणि पुस्तकांची लायब्ररी या दोन शब्दार्थांची भेट इतक्या थेटपणे क्वचितच होत असेल.

ओपन लायब्ररीच्या गरजांनी वेब.पायला घडवले, असे म्हणण्यास आधार आहे. त्या प्रकल्पाच्या पायाभूत प्रणालीत पानांचे साचेही संपादित करता येत. पण साच्यात आज्ञा लिहिता येत असतील, तर एखादी खोडसाळ व्यक्ती त्यातून सगळ्या यंत्रणेलाच हात घालू शकते. त्यामुळे वेब.पायसाठी ‘टेंप्लेटर’ ही साच्यांची स्वतंत्र भाषा तयार करण्यात आली. ती दिसते पायथनसारखी, परंतु धोकादायक आज्ञा तिच्यात चालत नाहीत. माहितीसाठ्याला विचारावयाच्या प्रश्नांतही वाचकाचा मजकूर तपासून, सुरक्षित करूनच पुढे पाठवण्याची सोय झाली. ०.३ या आवृत्तीत ‘अॅप्लिकेशन’ ही संकल्पना आली. त्याआधी सारी मांडणी एकाच सामाईक जागेत असे. आता एकाच यंत्रणेत अनेक छोटी संकेतस्थळे शेजारी शेजारी नांदू लागली आणि प्रत्येकाची चाचणी स्वतंत्रपणे घेता येऊ लागली. वापरणाऱ्याला असे बदल सहसा दिसत नाहीत. ज्याला ते करावे लागतात त्याचे महिने त्यात जातात.

वेब.पायचा ठसा इतरत्रही उमटला. ‘फ्रेंडफीड’ या संकेतस्थळाने त्याच्याशी साधर्म्य असलेली चौकट तयार केली होती. फेसबुकने ती कंपनी विकत घेतल्यावर सप्टेंबर २००९ मध्ये ‘टॉर्नॅडो’ या नावाने ती खुली करण्यात आली.

११ जानेवारी २०१३ रोजी आरोन स्वार्ट्झ यांनी न्यूयॉर्क येथे आपले जीवन संपवले. त्यांचे वय सव्वीस वर्षे होते. ‘जेस्टोर’ या शोधनिबंधांच्या संग्रहातून मोठ्या प्रमाणावर निबंध उतरवून घेतल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर अमेरिकी सरकारने खटला भरला होता. त्या खटल्याविषयी आणि ज्ञानाच्या मुक्त उपलब्धतेविषयी जगभर पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या हातून सुरू झालेल्या या लहानशा संग्रहाकडे त्या गदारोळात फारसे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. २०१२ मध्ये ०.३७ ही आवृत्ती आली होती, त्यानंतरची ०.३८ येण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

दरम्यान पायथनची तिसरी पिढी २००८ च्या डिसेंबरमध्येच अवतरली होती आणि तिने जुन्या आज्ञावलींशी मुद्दाम फारकत घेतली होती. या फारकतीचे मुख्य कारण मराठी वाचकांना चटकन पटावे असे आहे.

पायथनच्या दुसऱ्या पिढीत साधा मजकूर म्हणजे बाइटांची माळ असे. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात मावते, त्यामुळे इंग्रजीपुरते सारे सुरळीत चालत असे. देवनागरीचे तसे नाही. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘मराठी’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा मानतो. युनिकोडच्या हिशेबी त्यात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. जुन्या पायथनला साध्या मजकुराची लांबी विचारली, तर ते पंधरा असे उत्तर देई. युनिकोड मजकुरासाठी वेगळा प्रकार त्यात होता खरा. पण दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळले की चालता कार्यक्रम मध्येच थांबत असे आणि इंग्रजी नमुन्यांवर केलेल्या चाचणीत हा दोष उघडच होत नसे. तो प्रकट व्हायचा एखाद्याने अर्जात आपले नाव मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहिल्यावर. (नव्या पायथनचे उत्तर पाच असे येते. आपल्या तीन अक्षरांपर्यंत अजूनही संगणक आपणहून पोहोचत नाही, ही गोष्ट वेगळी.)

तिसऱ्या पिढीने बाइट आणि मजकूर यांची सक्तीने ताटातूट केली. निर्णय योग्यच होता, परंतु ज्यांचे सारे कामच बाइटांचा मजकूर आणि मजकुराचे बाइट करण्याचे, अशा संग्रहांना त्याची झळ सर्वाधिक बसली. वेब.पायमध्ये ‘सेफयुनिकोड’ आणि ‘सेफस्ट्र’ नावाची दोन कार्ये होती. ती येणारा व जाणारा मजकूर जमेल तसा सावरून घेत. नव्या व्यवस्थेत प्रत्येक ठिकाणी निश्चित उत्तर द्यावे लागते : येथे बाइट आहेत की अक्षरे? साचे, सत्रे, माहितीसाठा, अर्ज, सगळीकडे हा प्रश्न. एका वाक्यात सांगता येणारा हा फरक हजारो ओळींतून ओळीओळीने तपासावा लागतो.

त्यातच वेब.पायच्या पोटात ‘चेरीपाय’ या दुसऱ्या प्रकल्पातील सेवायंत्रणेची एक जुनी प्रत होती. मूळ प्रकल्प पुढे गेला, प्रत तशीच राहिली. ०.४० मध्ये ती काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी ‘चेरूट’ या स्वतंत्रपणे जोपासल्या जाणाऱ्या संग्रहाचा आधार घेण्यात आला. उसनी वस्तू घरात ठेवून घेण्याऐवजी गरज पडेल तेव्हा शेजाऱ्याकडून आणण्यासारखेच हे होय.

असे काम पदरमोड करून करणारी माणसे एकाकी नसावीत, यासाठी शहरात काही वातावरण लागते. बंगळुरूत ते होते. २००१ मध्ये सुरू झालेले ‘लिनक्स बंगलोर’ हे संमेलन २००५ पासून ‘फॉस.इन’ नावाने भरू लागले आणि केवळ वापरकर्ते नव्हे तर मुक्तस्रोत प्रकल्पांत स्वतः योगदान देणारे भारतीय तयार व्हावेत, हा त्याचा आग्रह होता. पायथनप्रेमींचे पहिले अखिल भारतीय संमेलन, ‘पायकॉन इंडिया’, सप्टेंबर २००९ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले. परदेशी ग्राहकांसाठी ठरवून दिलेली कामे करणारे शहर, ही बंगळुरूची ख्याती खोटी नाही, पण ती अपुरी आहे.

मुंबईचे ‘फ्रापे’ या संदर्भात आठवते. तीही पायथनवर आधारलेली मुक्तस्रोत चौकट असून ‘ईआरपीनेक्स्ट’ ही व्यवसाय-व्यवस्थापनाची प्रणाली तिच्यावर उभी आहे. तिच्यामागे मात्र एक कंपनी आहे, पगारी अभियंते आहेत. वेब.पायमागे असे काही नाही. ज्यांची स्वतःची यंत्रणा त्यावर चालते, ते अडचण आली की दुरुस्ती पाठवतात. ‘आयरेडमेल’ या टपालप्रणालीचे व्यवस्थापन-पान वेब.पायवर बेतलेले आहे. ओपन लायब्ररीही आज त्यावरच चालते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथनची ३.१३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा ‘सीजीआय’ हा फार जुना भाग भाषेतून वगळण्यात आला. वाचकाने भरलेला अर्ज आणि जोडलेल्या फायली उलगडून घेण्यासाठी वेब.पाय वर्षानुवर्षे याच भागावर विसंबून होते. त्याच्या जागी दुसरी सोय लावून घेणे पुन्हा भाग पडले.