पुस्तक छापण्याआधी

चार वर्षे खपून मी कादंबरी लिहिली. एका प्रकाशकांना ती आवडली. मात्र हजार प्रतींच्या छपाईचे ६० हजार रुपये मीच भरावेत, असे ते म्हणाले. बायकोची ठेव मोडायची का, हा प्रश्न होता. म्हणून पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात एका विक्रेत्याच्या गल्ल्याशेजारी दोन दुपारी बसलो. गिऱ्हाईक भरपूर, पण मागणी पाठ्यपुस्तकांची आणि गाइडांची! कादंबऱ्या तीनच गेल्या, त्याही नावाजलेल्या लेखकांच्या.

विक्रेत्याने हिशेब मांडला. पुस्तकाची किंमत धरा २०० रुपये. वितरक आणि दुकानदार यांचे कमिशन ४० टक्के, म्हणजे ८० रुपये गेले. लेखकाची रॉयल्टी १० टक्के, म्हणजे २०. हजारच्या हजार प्रती खपल्या तरी माझ्या हाती २० हजार, घातलेले ६०! शिवाय नवख्याचे पुस्तक दुकानात परतीच्या बोलीवर राहते. खपले नाही की गठ्ठे माघारी.

"घरी जागा आहे का ठेवायला?" त्याने विचारले. आमच्या दोन खोल्या, त्यात आई अंथरुणाला खिळलेली.

प्रकाशकांना दोनशेच प्रती काढण्याबद्दल विचारले आहे. डिजिटल छपाईत प्रत महाग पडते, पण माल पडून राहत नाही. त्यांचे उत्तर यायचे आहे. ठेव अजून बँकेतच आहे.