नवे गाव, जुना आजार आणि नवी सुरुवात

गाव सोडण्याचे भय आपल्या समाजाला नाही. खेड्यातील व्यवस्थेविषयी बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत जे परखड मत मांडले, ते आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेले आहे. त्याआधीच आपले आजोबा-वडील गिरणीत, गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेत लागले होते. हातात कसब नव्हते, अनेकांना अक्षरओळखही नव्हती. तरीही त्यांनी शहरात पाय रोवले आणि मुलांना शिकविले. म्हणूनच एखाद्या घरातला मुलगा किंवा मुलगी अडली, की आजही आपल्या तोंडी पहिला सल्ला हाच येतो : "मुंबईला पाठवा. जागा बदलली की सगळे ठीक होईल."

हा सल्ला पुष्कळदा खरा ठरतो. परंतु ज्याचे शिक्षण अर्धवट राहिले, हाती कसब नाही आणि जोडीला मनाचा आजार आहे, त्यालाही तो लागू पडतो काय? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी पालिकेच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे तीस वर्षे काढली. त्या अनुभवाबरोबर माझ्या घरातली एक हकिकतही सांगणार आहे. तीत चूक माझीच आहे.

घरातली हकिकत

माझा पुतण्या परभणी जिल्ह्यातला. बारावीत असताना त्याला आवाज ऐकू येऊ लागले. लोक आपल्याविषयीच बोलतात, अशी त्याची खात्री झाली. आधी देवऋषी झाला, गंडेदोरे झाले. वर्षभराने डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचे निदान केले. गोळ्यांनी आवाज थांबले, पण गावाने त्याला 'येडा' हे नाव देऊन टाकले होते. जून 2014 मध्ये वहिनींनी त्याला देवगिरी एक्स्प्रेसने माझ्याकडे कल्याणला पाठविले.

आठ दिवसांत मी त्याला रखवालदाराची नोकरी लावून दिली. बारा तासांची रात्रपाळी. कसब लागत नाही, बसून काम आहे, असा माझा हिशेब. पोरगा खुशीत होता, आम्हीही खुशीत होतो. तिसऱ्या महिन्यात एका पहाटे तो कामावरून घरी आलाच नाही. चार दिवसांनी मनमाड स्टेशनवर सापडला. पायात चप्पल नव्हती आणि तो मला ओळखत नव्हता.

त्याच्या बॅगेत गोळ्यांची रिकामी पाकिटे निघाली. गावाहून आणलेल्या गोळ्या महिन्याभरातच संपल्या होत्या. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातावर गोळ्या ठेवल्या, त्याने स्वतःच्या पुतण्याला एकदाही विचारले नव्हते, की तुझे औषध आहे का? बरा झाल्यावर मी त्याला विचारले, "बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "काका, हितं नव्यानं सुरुवात करायची व्हती. गोळ्या खाल्ल्या की मी गावातलाच येडा ऱ्हातो."

हे उत्तर मी आजवर विसरलो नाही. नवी सुरुवात म्हणजे जुने सगळे टाकून देणे, असे त्याला वाटले आणि त्या 'सगळ्या'त त्याने औषधही टाकून दिले. स्थलांतरात घडणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे.

जागा बदलल्याने काय सुटते, काय सुटत नाही

जागा बदलल्याने काही गोष्टी खरोखरच सुटतात. गावाने चिकटविलेले नाव मागे राहते. भावकीतली रोजची धुसफूस, जातीचा जाच, व्यसनी सोबती, रिकामपण यांपासून माणूस दूर जातो. मनाच्या आजारात ताण कमी होणे हा मोठाच लाभ असतो.

आजार मात्र बॅगेबरोबर येतो. स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी विकार (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाचे औदासीन्य) हे आजार मेंदूच्या कार्याशी निगडित आहेत. औषध एकदम बंद केले, तर ते उलटण्याचा धोका पुष्कळ वाढतो. फसगत अशी होते, की औषध थांबविल्यावर पहिले काही आठवडे माणसाला हलके, ताजेतवाने वाटू शकते. आपण बरे झालो, नव्या गावाचे पाणी मानवले, असे वाटत असतानाच आजार आतून डोके वर काढीत असतो.

दुसरा धोका झोपेचा. अपुरी आणि अवेळी झोप या आजारांना चेतविते. द्विध्रुवी विकारात तर काही रात्रींचे जागरणही उन्मादाचा झटका आणू शकते. मी पुतण्याला लावून दिलेली रात्रपाळी त्याच्यासाठी सर्वांत वाईट नोकरी होती.

तिसरा धोका एकटेपणाचा. गावात निदान आई ओळखते, की पोरगा दोन दिवस जेवला नाही, एकटाच पुटपुटतो आहे. शहरात ही पूर्वचिन्हे ओळखणारे कोणी नसते.

आपले वाडवडील कसे टिकले?

येथे एका गैरसमजाचा खुलासा केला पाहिजे. आपले वाडवडील केवळ शहरात आले म्हणून टिकले नाहीत. चाळीत गावकीची खोली होती. एका खोलीत वीस-वीस माणसे राहत आणि पाळीपाळीने झोपत. खानावळ ओळखीची होती. कोणी आजारी पडला, तर गाववाला त्याला इस्पितळात नेई आणि घरी पत्र धाडी. गिरणीत एकदा कायम झाला, की प्रॉव्हिडंट फंड आणि कामगार विम्याचा दवाखाना मिळे.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. बिनकसबी माणसाचे कायम काम घटले व त्याची जागा कंत्राटाने घेतली. गावकीच्या खोल्याही गेल्या. आज आलेला तरुण त्याच शहरात येतो, पण त्याच्या पाठीशी ती खोली नसते. आज कोणाला पाठवावयाचे असेल, तर त्या खोलीची जागा कोण घेणार, हे आधी ठरविले पाहिजे.

निघण्यापूर्वीची तयारी

माझ्या समजुतीप्रमाणे चार गोष्टींची सोय या क्रमाने व्हावी : औषध, निवारा, माणूस आणि मग काम. आपण नेमके उलटे करतो. काम आधी पाहतो आणि बाकीचे नशिबावर सोडतो.

औषध : जाण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून बेत सांगावा. आजाराचे नाव, औषधांची नावे व मात्रा, पूर्वी कोणते औषध बाधले, हे सारे एका कागदावर लिहून घ्यावे. शक्य असेल तर दोन महिन्यांचे औषध बरोबर घ्यावे आणि पोहोचल्यावर पहिल्याच पंधरवड्यात नव्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नाव नोंदवावे. 1996 साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतून ही सोय झाली आहे. ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. रोज गोळी घेणे जमत नसेल, तर पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने घ्यावयाच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना विचारावे. लिथियम घेणाऱ्याने भट्टीजवळच्या किंवा भर उन्हातल्या कामापासून सावध राहावे. घाम, जुलाब किंवा पाणी कमी पिणे यांमुळे त्याचे रक्तातील प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. हात फार थरथरणे, जीभ जड होणे, झोक जाणे, उलट्या होणे ही त्याची लक्षणे असून अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे. स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्याही घेऊ नयेत.

निवारा : निदान तीन महिने डोक्यावर छप्पर निश्चित असावे. जेथे रोज दारू चालते अशी खोली भाड्याने स्वस्त मिळाली, तरी शेवटी महागच पडते. शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर ठेवावे. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेमुळे गावच्या कार्डावर शहरातही धान्य उचलता येते.

माणूस : ज्याला आजाराची पूर्ण कल्पना आहे, असा एक तरी माणूस नव्या गावी असावा. 'झोप उडाली, बोलणे तुटले, संशय वाढला, तर काय करायचे' हे रुग्ण बरा असतानाच दोघांनी मिळून ठरवून ठेवावे. हा बेत रुग्णाच्या संमतीने व्हावा, नाहीतर सोबतीचा पहारा होतो.

कसब नाही म्हणजे काय?

"त्याला काही येत नाही," असे आपण फार सहज म्हणतो. माझ्या पुतण्याविषयी मीही तसेच म्हणत होतो. पण शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या त्या मुलाला माती कळत होती, रोप जगविता येत होते. प्रमाणपत्र नव्हते एवढेच. कामाचा शोध घेताना माणसाला काय येत नाही, यापेक्षा काय येते याची यादी आधी करावी.

काम दिवसपाळीचे, ठरावीक वेळेचे आणि शक्य तेथे थोड्या तासांनी सुरू होणारे असावे. रोपवाटिका, बागकाम, पॅकिंग, कपडे इस्त्री करणे, उपाहारगृहातील भाजी निवडणे-चिरणे, गोदामातील मोजदाद अशी कामे पाहावीत. औषधाने गुंगी येत असेल, तर प्रेस मशीन, उंचावरचे काम व वाहन चालविणे टाळावे.

पूर्वी समज असा होता, की रुग्णाला आधी वर्षानुवर्षे प्रशिक्षण द्यावे आणि मग नोकरीचा विचार करावा. 1990 च्या दशकात अमेरिकेत वेगळी पद्धत पुढे आली : रुग्णाच्या आवडीचे खरे काम लवकर मिळवून द्यावे आणि त्या कामावरच त्याला शिकवीत, आधार देत राहावे. अनेक देशांतील अभ्यासांत ही पद्धत अधिक यशस्वी ठरली आहे. पगाराचे काम हेसुद्धा उपचाराला हातभार लावते.

मालकाला आजार सांगावा की नाही? हा निर्णय सर्वस्वी रुग्णाचा आहे. सांगितल्याने रुग्णालयाच्या दिवशी सुट्टी मिळणे सोपे जाते, पण काही ठिकाणी दारच बंद होते. माणूस पाहून ठरवावे.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 हा 29 मे 2018 पासून लागू आहे. या कायद्याने शासकीय सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. दारिद्र्यरेषेखालील व बेघर व्यक्तींना हे उपचार मोफत आहेत. आजाराची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्कही त्यात आहे. भरकटलेल्या मनोरुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे, कोठडीत ठेवू नये, असे हा कायदा सांगतो. मनमाडसारख्या प्रसंगी हे ठाऊक असावे.

दिव्यांग हक्क कायदा, 2016 ने मानसिक आजाराचा समावेश 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला. 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास शासकीय नोकरीतील राखीव जागांसह अन्य सवलतींसाठी अर्ज करता येतो. मन फारच अस्वस्थ झाल्यास 'टेलिमानस' या केंद्र शासनाच्या सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो व मराठीतून बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली.

संघाने ठेवलेला दाखला

विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकिकत आहे. त्याचे चित्त ठिकाणावर नव्हते. उपोसथाची आठवण त्याला कधी राही, कधी राहत नसे. संघाने त्याला हाकलले नाही. तो येवो अथवा न येवो, त्याच्यामुळे संघाच्या कामात बाधा येणार नाही, असा रीतसर ठराव केला. पुढे तो बरा झाल्यावर काहीजण त्याला भ्रमात केलेल्या कृत्यांवरून टोचू लागले, तेव्हा भगवंतांनी त्या कृत्यांचा दोष त्याला लागू नये अशी व्यवस्था करविली. बरा झालेल्या माणसाला जुन्या गोष्टींवरून टोचू नये, ही शिकवण आपल्या घराघरांत पोहोचली, तर कितीतरी मुलांना गाव सोडावेच लागणार नाही.

पुन्हा एकदा, नव्याने

माझा पुतण्या दीड वर्ष गावी राहिला आणि 2016 मध्ये पुन्हा कल्याणला आला. या वेळी आम्ही आधी रुग्णालयात नाव घातले आणि दोन महिन्यांनी काम पाहिले. एका रोपवाटिकेत अर्ध्या दिवसाच्या पगारावर तो लागला. सहा महिन्यांनी पूर्ण दिवस झाला. मध्यंतरी एकदा त्याची झोप उडाली, तेव्हा तो स्वतःच माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, डॉक्टरकडं चला." मार्च 2020 च्या टाळेबंदीत सर्वत्र धावपळ उडाली, तेव्हा त्याच्या पत्र्याच्या डब्यात दोन महिन्यांच्या गोळ्या होत्या. आजही तो तेथेच काम करतो आणि आईला दरमहा पैसे पाठवितो. आजार पूर्ण गेलेला नाही. कामाचा वेग कमी आहे आणि पगारही थोडाच आहे. पण घराच्या भाड्यात त्याचा वाटा असतो.

हा लेख लिहू का, असे मी त्याला विचारले. "लिहा काका, नाव तेवढं टाकू नका," तो म्हणाला. नाव लपवावे लागते, हे आपल्या सर्वांचेच अपयश आहे.

सभासद बंधू-भगिनींनो, गावाहून आलेल्या अशा प्रत्येक मुलामागे संस्थेचा एक माणूस उभा राहील, एवढी व्यवस्था आपण करू शकतो. त्याला पैसा फारसा लागत नाही. महिन्यातून एकदा रुग्णालयात सोबत जावे आणि आठवड्यातून एकदा जेवायला बोलवावे. विद्यार्थ्यांनी आपल्या वसतिगृहातल्या, खोलीतल्या मित्राची झोप आणि जेवण यांकडे लक्ष ठेवावे. आणि पाहुणा दारात आला, की चहापाण्याबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा, जो मी 2014 साली विचारला नाही : "बाळा, तुझे औषध आहे ना?"